‘नाद खुळा’ लिहून झालं, आता पुढं? डिजिटल चित्रस्पर्धेत अभिप्राय लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

मागच्या वर्षी गणेशोत्सवाआधी आमच्या पेठेतल्या मंडळानं ऑनलाइन डिजिटल चित्रस्पर्धा घेतली. विषय एका शब्दाचा: रंकाळा, म्हणजे आमच्या कोल्हापुरातला तलाव. फोन, टॅब, संगणक, कशावरही काढा, फक्त चित्र स्वतःचं हवं. एक अट मात्र वेगळी होती. प्रत्येक स्पर्धकानं दुसऱ्या तीन चित्रांवर चार-चार ओळींचा अभिप्राय लिहायचा. चित्रं धडाधड आली. अभिप्राय आले ते असे: ‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘काटा किर्रर्र’, ‘जगात भारी’, आणि ज्याला तेवढंही टाइप करायचा कंटाळा त्याचे नुसते जोडलेले हात.

मी स्वतःला त्यातला जाणता समजत होतो. अकरावीतल्या एका मुलीच्या चित्रावर मी लिहिलं, ‘छान प्रयत्न, पण चित्र जरा फ्लॅट वाटतंय.’ अर्ध्या तासात तिचा उलटा प्रश्न आला: ‘काका, फ्लॅट म्हणजे? मग मी नेमकं काय करू?’

उत्तर सुचेना. कारण मी चित्र बघितलंच नव्हतं. चहा पिता पिता अंगठ्यानं वर सरकवलं होतं.

आपल्याकडं चित्रावरचा अभिप्राय म्हणजे एलिमेंट्री-इंटरमिजिएटची ग्रेड, एवढंच बहुतेकांना ठाऊक. ए, बी, नाहीतर सी. ग्रेड कळते, पण पुढच्या चित्रात हात कुठं वळवायचा ते कळत नाही. त्यापेक्षा तालमीतला वस्ताद बघा. पोरगं चुकलं की तो आधी दोन शिव्या देतो हे खरं, पण त्यावर थांबत नाही. ‘पट काढताना मान खाली जातीय, नजर वर ठेव,’ हे त्याचं पुढचं वाक्य असतं. पोराला लगेच, त्याच मातीत, करून बघता येईल असं. तुमचा अभिप्राय वाचून समोरच्याला उद्या सकाळी हातानं करण्यासारखं काही सापडतंय का, एवढी एकच कसोटी धरून खालच्या पायऱ्या लिहिल्यात.

पहिली पायरी: आधी फोन तपासा

हसू नका. एकाला मी ‘रंग फार पिवळट झालेत’ असं लिहून बसलो होतो आणि पिवळा होता माझ्या फोनचा रात्रीचा मोड. डोळ्यांना त्रास नको म्हणून संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळा पडतो, तो बंद करा. ब्राइटनेस मधोमध ठेवा. उन्हात उभं राहून गडद चित्राबद्दल मत देऊ नका, त्यातलं काळं तुम्हाला दिसणारच नाही. आणि चित्र व्हॉट्सॲपवरून फिरत आलं असेल तर कडा धूसर होतात, आभाळात चौकोनी ठिपके पडतात. तो दोष चित्रकाराचा नसतो. मूळ फाइल जिथं असेल तिथं जाऊन बघा.

स्पर्धेचे नियमही एकदा वाचून घ्या. चित्र नंतर छापणार असतील तर मापाबद्दल बोलायला जागा आहे: ए-थ्री कागदावर ३०० डीपीआयनं (एका इंचात ३०० ठिपके) नीट छापायचं तर कॅनव्हास सुमारे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचा लागतो, आणि तो सुरुवातीलाच तसा घ्यावा लागतो. मागाहून ताणला की चित्र विरघळतं. तसंच जोतिबाच्या गुलालाचा तो झगझगीत गुलाबी पडद्यावर पेटतो, छापल्यावर मंदावतो. छापखान्याच्या चार शाईंत तो बसत नाही. केवळ पडद्यावरच बघायची स्पर्धा असेल तर यातलं काही सांगू नका, उगाच पोराला घाबरवायचं काम.

दुसरी पायरी: तीनदा बघा

पहिल्यांदा चित्र काडेपेटीएवढं लहान करून बघा. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) सिनेमाकडं वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळला पाहिजे. पानापानाला रेघा मारत बसलं तर तिथून नुसता हिरवा गोळा दिसणार. लहान करून बघणं म्हणजे शेवटच्या रांगेत जाऊन बसणं. तिथून काय कळतं? माणूस कुठला, मागचं कुठलं, नजर आधी कुठं जाते?

दुसऱ्यांदा चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन फोनच्याच गॅलरीत तो काळापांढरा करा. रंग फसवतात. लाल लुगडं आणि हिरवं झाड डोळ्यांना वेगळं वाटतं, पण काळ्यापांढऱ्यात दोन्ही एकाच राखाडीचे निघाले तर माणूस झाडात बुडणार. चित्र ‘फ्लॅट’ वाटतं तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा घोडं इथंच पेंड खातं.

तिसऱ्यांदा आरशात धरल्यासारखं उलटं करून बघा. चेहऱ्याचा एक डोळा खाली घसरलेला, घराची भिंत कललेली, हे सुलट चित्रात सवयीनं दिसत नाही, उलटं केलं की बोचायला लागतं. चित्रकार मंडळी स्वतःसाठी हे रोज करतात.

यात पाच मिनिटं जातात. तीन चित्रांना पंधरा. तेवढी नसतील तर एकाच चित्रावर लिहा.

तिसरी पायरी: दिसलं ते आधी, वाटलं ते नंतर

आता त्या मुलीच्या चित्राकडं येऊ. तिचा प्रश्न आल्यावर मी फोन टेबलावर नीट ठेवून चित्र उघडलं. चौपाटीच्या बाजूनं दिसणारा रंकाळा. समोर पाण्यापलीकडं शालिनी पॅलेस, त्याच्या मागं नारिंगी आभाळ, सूर्य जवळजवळ टेकलेला. पॅलेसच्या भिंती छान सोनेरी पिवळ्या, खिडक्या मोजून काढलेल्या. पाण्यात पॅलेसचं प्रतिबिंब, तेही तितकंच सोनेरी, तितकंच रेखीव. कठड्यावर भेळ खात बसलेली दोन माणसं.

एवढं नुसतं लिहून काढल्यावर चूक आपोआप समोर आली. शालिनी पॅलेस तलावाच्या पश्चिम काठाला आहे. चौपाटीवरून बघणाऱ्याला सूर्य त्याच्या मागं मावळतो. मग पॅलेसची आपल्याकडची भिंत सोनेरी कशी? तिच्यावर ऊन पडतच नाही, ती सावलीत आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथं जाऊन उभं राहा, पॅलेस नुसता गडद आकार होऊन आभाळावर टेकलेला दिसतो, खिडक्या मोजायला जाल तर मोजता येत नाहीत. तिनं बहुधा सकाळच्या उन्हातला फोटो समोर ठेवून पॅलेस काढला आणि आभाळ संध्याकाळचं लावलं. म्हणून आभाळ, इमारत, पाणी तिन्ही एकाच उजेडाचे झाले. ‘फ्लॅट’ ते हे होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी आरसा असलं तरी पुरता आरसा नसतं. उजळ वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं मंद पडतं, आणि रंकाळ्यासारख्या जरा गढूळ पाण्यात काळ्या वस्तूचं प्रतिबिंब मूळ काळ्यापेक्षा थोडं फिकं दिसतं. वारा असेल तर ते उभं ताणलं जातं, कडा तुटतात. तिनं पॅलेसचा लेयर (डिजिटल चित्रात एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांतला एक) कॉपी करून खाली उलटा चिकटवला होता, हे लपत नव्हतं.

मग मी तिला लिहिलं ते जवळजवळ असं:

‘सॉरी, मघाशी घाईत लिहिलं. पुन्हा बघितलं. माझी नजर आधी आभाळाकडं गेली आणि तिथंच अडकली, पॅलेसवर आली नाही. सूर्य पॅलेसच्या मागं आहे, म्हणजे आपल्याकडची भिंत सावलीत हवी. तुझ्या चित्रात ती उन्हात आहे. पॅलेसच्या लेयरवर नवा लेयर क्लिप करून, मल्टिप्लाय मोडवर, जांभळट करडा रंग एकदा भरून बघ. खिडक्या निम्म्या दिसेनाशा झाल्या तरी चालेल. कठड्यावरची ती दोन माणसं मात्र हलवू नकोस. त्यांच्या पाठीवरची नारिंगी कड बरोबर जागी आहे, त्यांच्यामुळंच संध्याकाळ खरी वाटते.’

(क्लिप केलं की रंग खालच्या आकाराबाहेर सांडत नाही, मल्टिप्लायमुळं खालचं तेवढं गडद होतं.) पाण्याबद्दल त्यात एक शब्दही लिहिला नाही. का, ते पुढं येतंय.

चांगलं काय, तेही नेमकं

‘दोन गोड, एक कडू, पुन्हा एक गोड’ असा एक सल्ला नवख्यांना हमखास मिळतो. मला तो पटत नाही. पोरं हुशार असतात, साखर कुठं संपते आणि गोळी कुठं सुरू होते ते त्यांना पहिल्या ओळीत कळतं. चांगलं सांगायचं ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. आपल्या हातून नेमकं काय साधलं हे काढणाऱ्याला स्वतःला बरेचदा माहीत नसतं, आणि दुरुस्तीच्या नादात तो नेमकं तेच पुसून टाकतो. माणसांच्या पाठीवरची ती नारिंगी कड मी सांगितली नसती तर पॅलेस गडद करता करता तिनं माणसंही काळी करून टाकली असती.

तेव्हा ‘रंग मस्त’ नको. कुठला रंग, कुठल्या जागी, आणि तिथं त्यानं काय केलं?

चौथी पायरी: एकच मोठी गोष्ट निवडा

दुसऱ्या एका स्पर्धेत एकानं अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव काढला होता. चित्रात मी मोजून सहा-सात चुका काढल्या: खांबांचा पर्स्पेक्टिव्ह, हाताची बोटं, दगडावरचा तोचतोच टेक्स्चर ब्रश, शीर्षकाचा फॉन्ट, आणखी काय काय. सगळ्या लिहून पाठवल्या असत्या तर त्यानं स्टायलस खुंटीला टांगला असता.

सगळ्यांच्या मुळाशी एक होती. त्याचे किरण छतातून तिरके उतरत होते, ऑर्केस्ट्राच्या फोकससारखे. किरणोत्सवात असं होत नाही. मावळतीचा सूर्य क्षितिजाला टेकता टेकता किरण महाद्वाराकडून आत येतात आणि देवीच्या पायांवरून वर सरकत मुखाकडं जातात. म्हणजे उजेड जवळजवळ आडवा आहे. तो आडवा केला की नाकाखालची सावली जाते, खांबांच्या कडा एका बाजूनं उजळतात, फरशीवर उजेडाचा लांब पट्टा येतो, आणि निम्म्या चुका आपोआप मिटतात. मी एवढंच लिहिलं. सोबत एक जोड: उजेड वाढवण्यासाठी त्यानं पांढरा एअरब्रश इतका फिरवला होता की सगळा गाभारा दुधात घातल्यासारखा दिसत होता. उजेड पांढऱ्यानं वाढत नाही, शेजारचा अंधार वाढवला की वाढतो. दगड दोन पायऱ्या गडद करा, म्हटलं.

निवडायचा क्रम म्हणाल तर मी असा जातो: आधी रचना, मग काळ्यापांढऱ्याचा तोल, मग उजेडाची दिशा, मग रेखाटन, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी तपशील. वरच्या पायरीवर गडबड असेल तर खालचं बोलायचं नाही. पाया खचलेल्या घराला रंग कुठला द्यायचा यावर कोण बोलतं? रंकाळ्याच्या चित्रात पाण्याचं मी म्हणूनच सोडलं. पॅलेस गडद झाला की प्रतिबिंब तिचं तिलाच खुपणार होतं.

पाचवी पायरी: ठाऊक नसेल तर विचारा

कुस्तीचं चित्र होतं. आखाड्यातली तांबडी माती त्यानं इतकी चकचकीत काढली होती की मला वाटलं, पोराला ब्रशची सेटिंग जमली नाही. लिहिणार होतो, ‘माती कोरडी दाखवा.’ कोण जाणे कसं, पण त्याऐवजी विचारलं, ‘माती एवढी चमकती का ठेवलीय?’ उत्तर आलं, ‘मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतो आम्ही. मी रोज त्यात लोळतो, काका.’ आखाड्याच्या गावात जन्म काढून मला हे बरोबर त्या क्षणी आठवलं नव्हतं.

तसाच रंकाळ्यातला दगडी संध्यामठ. बाहेरगावच्या एका परीक्षकाला तो पाण्यात अर्धा बुडालेला बघून वाटलं, चित्रकाराची जमिनीची रेघ चुकली. पावसाळ्यात रंकाळा भरला की तो बुडतोच. चूक दिसली की तिच्यामागं हेतू असू शकतो, ही शंका आधी स्वतःलाच विचारायची. हेतू कळल्यावरही चित्र बिघडलेलं वाटत असेल तर तसं सांगता येतं: चमक खरी आहे, पण लहान करून बघितल्यावर ती पाण्यासारखी वाटते, तांबूसपणा वाढवून बघ.

सहावी पायरी: उपाय त्याच्या हातातल्या साधनात बसला पाहिजे

आपल्याकडच्या स्पर्धांत निम्मी पोरं फोनवर, आयबिस पेंट या ॲपमध्ये, बोटानं काढतात. त्यांना ‘प्रोक्रिएटमधला अमुक ब्रश वापर’ सांगणं म्हणजे चालत जाणाऱ्याला बुलेटचा गिअर समजावणं. प्रोक्रिएट हे आयपॅडवरचं ॲप, अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही. आधी विचारा: कशावर काढलंस, बोटानं की पेननं, किती लेयर मिळतात? स्वस्तातल्या फोनवर मोठा कॅनव्हास घेतला की लेयर दोन-चारच परवडतात. त्याला दहा लेयरचा उपाय सांगून काय उपयोग?

संगणक असेल तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हे सांगायला हरकत नाही. टॅब विकत घे, हे सांगू नये. तो अभिप्राय चित्रावर होत नाही, बापाच्या खिशावर होतो.

बोटानं रेघ थरथरत असेल तर ॲपमधलं स्टॅबिलायझर (रेघ गुळगुळीत करणारी सोय) वाढवायला सांगा, झूम करून खांद्यातून हात फिरवायला सांगा. रंग रेघेबाहेर सांडत असेल तर अल्फा लॉक किंवा क्लिपिंग, म्हणजे आधी रंगवलेल्या भागाबाहेर रंग जातच नाही. असले दोन शब्द नवख्याचे दोन तास वाचवतात.

शब्दांबद्दल थोडं

कोल्हापुरात कौतुकसुद्धा शिवी घालून करतात आणि समोरचा ती प्रेमानं घेतो. ‘काय मर्दा, हात काढलायस का फणी?’ हे कट्ट्यावर चालतं, कारण म्हणताना तुम्ही हसत असता आणि त्याच्या पाठीवर थाप पडलेली असते. लिहिलं की थाप जाते, फणी उरते. लिहिताना अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च म्हणा, तो विशीतला दिसत असला तरी. लहान पोर असेल तर ‘तू’ चालतो, पण मग आवाजही काकाचा, मावशीचा ठेवा, साहेबाचा नको.

वाक्याचा कर्ता चित्र असू दे. ‘तुम्हाला हात काढता येत नाहीत’ याच्याऐवजी ‘उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला गेलाय’. पहिल्यावर माणूस भांडतो, दुसऱ्यावर स्वतःचा अंगठा धरून बघतो. ‘अजून मेहनत हवी’ हे तर कायमचं टाकून द्या. त्या पोरानं रात्री दोनपर्यंत जागून केलेलं असतं.

चित्रावर रेघ ओढायची असेल तर

कधीकधी शब्दांपेक्षा त्याच्याच चित्रावरून लाल रेघ ओढून दाखवणं सोपं पडतं. दाखवा, पण विचारून. स्पर्धा चालू असताना न विचारता दुसऱ्याचं चित्र दुरुस्त करून सगळ्यांसमोर टाकणं वाईट दिसतं, आणि त्यानं ती दुरुस्ती उचलली तर चित्र कुणाचं, हा वाद आयोजकांच्या गळ्यात.

चित्र एआयनं केलंय किंवा कुठून उचललंय असं वाटलं तर अभिप्रायात एक अक्षरही लिहू नका. आयोजकांना वेगळं कळवा. त्यांना लेयर असलेली मूळ फाइल मागता येते. प्रोक्रिएट आणि आयबिस पेंटमध्ये चित्र काढतानाचा व्हिडिओही निघतो. आमच्या स्पर्धेत एकावर असा जाहीर संशय घेतला गेला. त्यानं सतरा लेयरची फाइल पाठवली. आरोप करणाऱ्यानं मागाहून माफी मागितली खरी, पण ते पोरगं पुन्हा कुठल्या स्पर्धेत दिसलं नाही.

निकालाच्या आधी आणि नंतर

मुदत संपली नसेल आणि चित्र बदलायची मुभा असेल तर आजच करता येईल असं सांगा. मुदत संपली असेल तर पुढच्या चित्रासाठी लिहा आणि तसं म्हणा. नंबराचं भाकीत करू नका. एकाच्या चित्रावर बोलताना दुसऱ्याचं चित्र मध्ये आणू नका. तुम्हीही स्पर्धक असाल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका, नाहीतर नंतर कुणीतरी सांगतंच.

लिहायची सवय कुठं करायची म्हणाल, तर मला स्वतःला टाऊन हॉलच्या संग्रहालयाचा उपयोग झाला. कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची चित्रं तिथं आहेत. एका चित्रासमोर मित्राला घेऊन दहा मिनिटं उभं राहायचं आणि ‘भारी’ हा शब्द न वापरता बोलायचं. आधी नजर कुठं गेली, उजेड कुठून येतो, सगळ्यात गडद जागा कुठली. आबालाल रहमानांनी याच गावातलं पाणी आणि उजेड रंगवला, कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ. तशा चित्रासमोर पहिली दोन मिनिटं जड जातात, मग तोंड उघडतं. जुन्या चित्रकाराला राग येत नाही, हाही एक फायदा.

त्या मुलीला नंबर मिळाला नाही. निकालानंतर पंधरा दिवसांनी तिनं रंकाळ्याचं चित्र पुन्हा पाठवलं. पॅलेस आता गडद जांभळा, आभाळाला टेकलेला. कठड्यावरची माणसं होती तिथंच. प्रतिबिंब मात्र जसंच्या तसं, सुरीनं कापल्यासारखं रेखीव. मी वाऱ्याचं, तुटणाऱ्या कडांचं सगळं नीट लिहून पाठवलं.

‘हो काका, कळलं,’ ती म्हणाली. ‘पण पाणी मला तसंच पायजे.’

बरं, म्हटलं.